आमच्या वाडीत रिकामा कोणी नाही

आमच्या वाडीत रिकामा माणूस एकही नाही, असं मी सरकारला लेखी कळवलेलं आहे. माझ्या हस्ताक्षरात, निळ्या शाईत, घरागणिक एक कागद. अक्षर चांगलं होतं म्हणून तर ते काम मला मिळालं. पुढे त्या अक्षराचा मला इतका राग आला की काही वर्षं मी शाळेत फळ्यावरही गिचमिड लिहीत असे. मुलांना वाटायचं गुरुजींचा हात दुखतो.

वाडी तोंडवलीच्या बाजूची, समुद्राला लागून. मालवणला जायचं तर खाडी तरीने, म्हणजे भाड्याच्या होडीने, ओलांडायची आणि मग चालायचं. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, आम्ही रत्नागिरीत मोडायचो, आणि रत्नागिरी इतकी लांब की तिथून आलेला माणूस आमच्याकडे पोचेपर्यंत कशासाठी आलो हेच विसरायचा. घरात बाबा, आई, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा दादा, त्याचं वर्षभरापूर्वी लग्न झालेलं म्हणून वहिनी, आणि मी. मालवणला नातेवाइकांकडे राहून मी मॅट्रिक झालो होतो आणि गावच्या शाळेत तात्पुरता मास्तर म्हणून लागलो होतो. वाडीत लिहिणारा एवढा एकच हात. बाकीचे सगळे हात रापणीला.

रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडी जाळं घेऊन समुद्रात जाते, अर्धगोल घेत ते पाण्यात सोडते आणि परत किनाऱ्याला लागते. जाळ्याच्या दोन टोकांना दोन लांब दोर. दोन्ही दोरांना माणसांच्या दोन रांगा लागतात आणि ओढायला सुरुवात होते. तीन तास ओढायचं, कधी चार. जाळं वाळूवर आलं की मासळीचे वाटे घालायचे. आमच्या वाडीची रीत अशी होती की जाळं तरंगावं म्हणून त्याला बांधलेली लाकडं पाण्यावर स्पष्ट दिसायला लागण्याच्या आत ज्याचा हात दोराला लागला, त्याला वाटा मिळणार. हात कोणाचा, त्यात जोर किती, हे विचारायचं नाही. ऐंशीला टेकलेला एक आजोबा रोज यायचा. त्याने दोर धरलाय की दोराने त्याला धरलंय, हे ओळखणं कठीण. त्यालाही वाटा. मुंबईहून छाती खराब करून परत आलेला एकजण होता, तो चार पावलं मागे गेला की खाली बसून खोकायचा आणि पुन्हा उठून हात लावायचा. त्यालाही वाटा.

लहानपणी मला ही रीत फार थोर वाटे. मोठेपणी, म्हणजे हिशेबाची अक्कल आल्यावर, तिचा राग यायला लागला. ती अक्कल आली एका लग्नामुळे. वाडीतल्या एका मुलाचं लग्न पिंगुळीकडे ठरलं होतं आणि आदल्या दिवशीच वऱ्हाड निघालं. जवळजवळ निम्मी वाडी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही दोरांवर मिळून रोजच्या निम्मीच माणसं उभी. मला वाटलं आज काही जाळं वर येत नाही. पण जाळं आलं. रोजच्याच वेळात आलं, उलट थोडं लवकर, कारण बोलायला माणसं कमी होती. मासळीही तेवढीच. मी घरी येऊन मोठ्या उत्साहाने बाबांना सांगितलं की रापणीला जेवढी माणसं लागतात त्याच्या दुप्पट रोज उभी असतात.

बाबांनी विडी कानामागून काढली, पेटवली आणि म्हणाले, "मगे? तुका कोणी इचारल्यान?"

"इचारूक कित्याक होया? मिया बघलंय."

"बघलंस तर गप र्‍हव. शाळा शिकलो म्हणजे माणसां मोजूक लागलो!"

आई आतून म्हणाली, "उंटावरचो शाणो." विषय संपला.

माझ्यासाठी मात्र तो संपला नाही, कारण त्या दोरावर आमचा दादाही होता.

दादाचा हात यंत्राचा. मालवणच्या बाजारात भाताची गिरण होती, तेलाच्या इंजिनावर चालणारी. मासळी घेऊन बाजारात गेला की दादा घरी वेळेवर यायचाच नाही. त्या इंजिनापाशी उभा असायचा. आधी नुसता बघायचा, मग गिरणवाल्याला कापूस, तेल, पाना हातात द्यायला लागला, आणि एकदा गिरणवाल्याला ताप भरला तेव्हा दोन दिवस दादानेच ते इंजिन चालवलं. त्या दोन दिवसांनंतर तो घरी आला तेव्हा अंगाला मासळीचा नाही, तेलाचा वास येत होता, आणि तो वास जाऊ नये म्हणून की काय, संध्याकाळी त्याने आंघोळ केली नाही. असा माणूस रोज सकाळी अर्ध्या शेकड्याच्या रांगेत सतराव्या-अठराव्या जागी उभा राहून दोर ओढत होता. आमची भातजमीन म्हणायची तर दोन तुकडे. लावणी-कापणीचे दिवस सोडले तर तिथेही बाबा एकटे पुरेसे होते. पावसाळ्यात रापण बंद झाली की दादा पडवीत बसून जाळी विणायचा. एक जाळं तिघंजण विणायचे.

वहिनी पोटुशी होती. मुंबईला जाण्याची गोष्ट घरात रोज निघायची. आमच्याकडे घरात एकाहून जास्त मुलगे झाले की एक मुंबईचा, हे जन्मल्या दिवशीच ठरलेलं असे. दादाला जायचं नव्हतं. तो मला एकदाच म्हणाला होता, "चलान जावन चलान येवक गावात असा कायव मिळला ना, तर मिया खंयच जावचंय नाय." चालत जाऊन चालत येता येईल असं काम. एवढीच त्याची मागणी. माणसाने यापेक्षा कमी काय मागायचं?

आणि नेमकं तसंच काम आलं, म्हणजे येणार येणार म्हणून कानावर आलं. बर्फ करण्याचा आणि मासळी डब्यात भरण्याचा कारखाना. किनाऱ्यावरच्या दोन-तीन जागांचा विचार चालला होता आणि त्यांतली एक जागा आमच्या खाडीच्या तोंडाशी होती. बर्फ म्हणजे यंत्र आलं, यंत्र म्हणजे दादा आला. पण कारखाना कुठे काढायचा ते ठरवण्यापूर्वी कुठल्या गावात कामाविना किती माणसं आहेत याची पाहणी होणार होती. त्यासाठी एक साहेब मालवणला आले. वयाने तरुण, घाटावरचे, बोलायला फार सभ्य. गावोगावचे मास्तर त्यांनी बोलावले, दोन दिवस शिकवलं आणि प्रत्येकाच्या हातात कागदांचा गठ्ठा दिला.

"गुरुजी, एक लक्षात ठेवा," साहेब मला म्हणाले. "आपल्या मनाचं काही लिहायचं नाही. घरातला कर्ता माणूस सांगेल तेच लिहायचं आणि खाली त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा."

प्रश्न सोपे होते. घरात कामाच्या वयाची माणसं किती, त्यांतली काम करणारी किती, काम हवं असून नाही अशी किती, गेल्या सात दिवसांत प्रत्येकाने किती दिवस काम केलं. मार्गशीर्षाचे दिवस. रापण रोज लागत होती. गेल्या सात दिवसांत प्रत्येकाने किती दिवस काम केलं याचं उत्तर कोणत्याही घरात एकच येणार हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. मी खुशीत होतो. मला वाटत होतं, चार दिवसांत वाडीचं नशीब कागदावर उतरवून आणतो.

पहिल्याच घरी बाईने मला दारातच धरलं. मी विचारलं, काम नाही असं घरात कोणी आहे का?

"आमच्या घरात बसान खाणारो कोण नाय रे. तुझ्या घरात आसा काय बघ आधी. सकाळच्या पारी कागद घेवन फिरता तो."

ऐंशीचा आजोबा तर चिडलाच. "माका काम नाय? मिया आज रापण ओढलंय! कोणाकय इचार!" त्याने हाताचे तळवे उलटे करून दाखवले. खोकणाऱ्या माणसाने खोकत खोकत तेच सांगितलं आणि मी लिहून संपेपर्यंत कागदाकडे संशयाने बघत राहिला. घरागणिक तोच जबाब. चार मुलगे, चौघेही कामावर. पाच भाऊ, पाचही कामावर. सात दिवसांपैकी सात दिवस. खाली अंगठा. सरकारने देशभर शोधली असती तरी इतकी उद्योगी वाडी सापडली नसती.

मी कागद घेऊन तरीने मालवणला गेलो. साहेबांनी एकेक कागद चाळला, मग चष्मा काढला.

"गुरुजी, तुमच्या वाडीत तर सगळेच कामात आहेत. मग कारखान्याला माणसं आणायची कुठून?"

मी म्हणालो, "साहेब, ती माणसं कामात आहेत, पण त्यांतली निम्मी नसली तरी काम तेवढंच होतं. मी स्वतः पाहिलंय." आणि मी त्यांना लग्नाच्या दिवसाची गोष्ट सांगितली. साहेब लक्ष देऊन ऐकत होते. हुशार माणूस होता, त्याला पटलं.

"हे फार महत्त्वाचं आहे," ते म्हणाले. "पण मग हे कागदावर का नाही?"

"कोणी तसं सांगितलं नाही."

"मग पुन्हा जा. समजावून सांगा. निदान काही घरांनी तरी सांगू दे की आमचा अमुक माणूस घरी जास्तीचा आहे, त्याला काम हवंय. तुमच्याच घरापासून सुरुवात करा ना. मला परवापर्यंत कागद हवेत." त्यांनी मला कोरे कागद मोजून दिले.

अशी संधी सरकार दोनदा देत नाही. परतताना तरीत बसल्या बसल्या मी मनातल्या मनात भाषण तयार केलं.

आधी गेलो रापणीच्या तांडेलाकडे. होडी त्याच्या हुकमाने सुटायची, वाटे त्याच्या हातून पडायचे, वाडीत त्याचा शब्द चालायचा. तो हो म्हणाला तर सगळी वाडी हो म्हणणार. मी सगळं सांगितलं. कारखाना, बर्फ, घराजवळ काम, बारा महिने काम. माझं संपल्यावर तो म्हणाला, "तू लिवतलंस, ह्यो रिकामो, तो रिकामो. बरा. मगे उद्या जाळ्याचो धनी माका इचारतलो, रिकाम्यांका वाटो कित्याक देतंस? सरकारात लिवलेला आसा, तेंची गरज नाय. मिया काय सांगू? कोणाक सांगू, तू उद्यापासून येव नको? त्या म्हातार्‍याक सांगू?"

"पण कारखानो इलो तर..."

"इलो तर," तांडेल म्हणाला. "आणि नाय इलो तर?"

मी कागद गुंडाळून उठलो. पुष्कळ वर्षं मी त्या माणसाला मनात शिव्या दिल्या, की पालथ्या घड्यावर पाणी, ह्यांचं कधी भलं होणार नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी त्या वाडीत सगळ्यात दूरचं बघणारा तोच होता. जी वस्तू अजून आली नाही तिच्या भरवशावर हातातला दोर कोण सोडतो? राग मला त्याचा येत होता, आणि तो बरोबर आहे याचा जास्त येत होता.

राहिलं आमचं घर. तुमच्याच घरापासून सुरुवात करा, असं साहेब म्हणाले होते. मला वाटलं एका घराने सुरुवात केली की दुसरं करील. आणि नाहीच केली तरी निदान दादाचं नाव त्या यादीत असेल.

दुपारची जेवणं झाली होती. बाबा पडवीत आडवे झाले होते पण जागे होते. दादा खांबाला जाळं बांधून फाटलेलं नीट करत होता. वहिनी खाली बसून सुकी मासळी निवडत होती. मी कागद मांडीवर घेतला आणि दादाच्या समोर बसलो. म्हटलं, दादा, एवढं सांग की मला काम नाही, मला काम हवंय. बाकी मी लिहितो.

दादाचे हात थांबले. त्याला ते काम किती हवं होतं हे त्या घरात मला जितकं माहीत होतं तितकं कोणालाच माहीत नव्हतं, बहुतेक वहिनी सोडून. मला वाटलं आता म्हणेल. त्याने एकदा वहिनीकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं. मग पुन्हा जाळ्यात सुई घातली.

"लिव, रापणीक जातंय. रोज जातंय."

"दादा, तां माका म्हायत आसा. पण तू थंय नसलंस तरी जाळा येताच."

हे मी बोलायला नको होतं. दादाचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. थोबाडीत मारलेल्या माणसाचा चेहरा तसा होतो. त्याचं लग्न झालं होतं, मूल होणार होतं, आणि धाकटा भाऊ बायकोसमोर त्याला सांगत होता की तुझ्या असण्याने काही फरक पडत नाही. मला मात्र वाटत होतं मी त्याचं भलं करतोय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेव्हा वहिनी बोलली. ती माझ्याशी फार कमी बोलायची. मासळीवरची नजर न उचलता म्हणाली, "भावजी, तेंका नाय सांगूक येवचा. तुमीच लिवा. तुमका खरा म्हायत आसा."

पडवीतून बाबा उठून बसले. "ह्या घराचो म्हालक मिया," ते म्हणाले. "माझो झील रिकामो नाय. गावात कोणाचो नाय, माझो कसो आसतलो? लिव, कामार आसा. हाड कागद, हो घे अंगठो."

आता इथे मी काय करू शकत होतो? पुष्कळ करू शकत होतो. बाबांना वाचता येत नव्हतं. मी 'कामावर' च्या जागी काहीही लिहिलं असतं तरी त्यांनी अंगठा दिला असता. साहेब तर वाटच बघत होते. माझ्या एका ओळीने कारखाना आला असता असं मी म्हणत नाही. एवढा मोठा मी नाही. पण वहिनीने मला एक गोष्ट मागितली होती, आणि ती माझ्या हातात होती. मी काय केलं? कर्ता माणूस सांगेल तेच लिहायचं, हा साहेबांचा नियम मला त्या वेळी एकदम आठवला. मी लिहिलं, कामावर, सात दिवस. वहिनी मासळी निवडत राहिली.

कारखाना दुसऱ्या बंदराला गेला. तिथे त्याचं काय झालं ते मला ठाऊक नाही, मी कधी बघायला गेलो नाही. आमच्या वाडीत कोणी हळहळलंही नाही. बातमी आली त्या संध्याकाळी तांडेल मला एवढंच म्हणाला, "बरा झाला मेल्या, लिवलंस नाय तां." त्याला वाटलं मी त्याचं ऐकलं.

गुढीपाडव्यानंतर दादा मुंबईला निघाला. वहिनीला सातवा सरून आठवा लागला होता, तिला मागे ठेवूनच. मालवण बंदरातून आगबोट निघायची, किनाऱ्यावरून लहान पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं. मी पोचवायला गेलो होतो. पडावात इतकी माणसं होती की दादाला बसायला नाही, उभं राहायलाच जागा मिळाली. सगळे आमच्यासारखेच, एकेका घरातले जास्तीचे. बाजारातल्या गिरणीच्या इंजिनाचा आवाज तिथपर्यंत येत होता. दादाने त्या बाजूला बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम रापणीवर गेलो. वाटत होतं काहीतरी वेगळं दिसेल. रांगेतला सतरावा माणूस अठराव्याच्या थोडा जवळ सरकला होता. जाळं रोजच्या वेळेला आलं.

दादा एका कापडगिरणीत लागला असं बाबांनी सगळीकडे सांगितलं. घरी त्याची पत्रं यायची ती सगळ्यांना वाचून दाखवण्याजोगी असत: मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे. मला मात्र तो शाळेच्या पत्त्यावर निराळं पत्र घालायचा. त्यातून कळलं की तो लागला होता तो बदलीवाला म्हणून. म्हणजे कायमचा कामगार त्या दिवशी आला नाही तर त्याच्या जागी घेतात तो. रोज पहाटे गिरणीच्या दाराशी उभं राहायचं. दाराशी शेकडोंनी बदलीवाले, आणि आत हवी असायची मोजकी माणसं. मुकादम बोट दाखवील तो आत जायचा, बाकीचे परत. आठवड्यात दादावर कधी दोनदा बोट पडायचं, कधी एकदा, कधी नाही. इंजिन त्याने लांबूनसुद्धा पाहिलं नव्हतं. घरी सांगू नकोस, असं प्रत्येक पत्राच्या शेवटी असायचं. मी सांगितलं नाही.

पुढे मी कायम मास्तर झालो, पेपर वाचायला लागलो. त्यांत पंचवार्षिक योजनांवर मोठमोठे लेख यायचे. खेड्यात जास्तीचे हात आहेत, ते शेतीतून काढले तरी पीक कमी होत नाही, ते कारखान्यांना मिळाले की देशाची भरभराट होईल. अगदी बरोबर. हे मला मॅट्रिकच्या वर्षानंतर एका लग्नाच्या वऱ्हाडाने शिकवलं होतं. पण तो जास्तीचा हात खेड्यातून काढल्यावर पलीकडे कोणी धरायला उभं आहे का, हे त्या लेखांत कधी नसायचं. आणि त्या हाताला आपण जास्तीचे आहोत हे कळतं तेव्हा त्याचं काय होतं, हेही नसायचं. मी पेपर फेकून द्यायचो. बायको म्हणायची, पेपरवाल्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?

मुंबईला गेल्यावर दोन वर्षांनी शिमग्याला दादा आला. पंधरा दिवसांची रजा काढून आलोय, असं त्याने सांगितलं. बदलीवाल्याला रजा कसली? तो नाही आला हे कोणाच्या लक्षातही येत नाही. तो गेल्यावर झालेली मुलगी आता पावणेदोन वर्षांची होती. पहिले दोन दिवस ती त्याच्याकडे गेली नाही, तिसऱ्या दिवशी गेली. वाळला होता. बाबांना मात्र तो गोरा झालेला दिसला.

चौथ्या दिवशी सकाळी तो रापणीवर गेला. मीही मागोमाग गेलो. लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेऊन तो सरळ दोराकडे गेला, आपल्या जुन्या जागी, आणि दोराला हात घातला. तोच तांडेल धावत आला.

"अरे, तू कित्याक? तू मुंबयसून इलंस. बस हयसर. ए, कोणतरी च्या हाडा रे!"

"ओढतंय मरे. सवय आसा."

"सवय आसतली. पण पावण्यान ओढूचा नाय. आमी आसंव."

त्यांनी त्याला हाताला धरून होडीच्या सावलीत नेऊन बसवलं. फार मायेने बसवलं, यात शंका नाही. किटलीतला चहा दिला. मुंबईच्या गोष्टी विचारल्या. दादा हसत हसत उत्तरं देत होता आणि बघत होता. दोन रांगा, पूर्वीइतक्याच लांब. त्याची जागा मोकळी सोडलेली नव्हती आणि तिथे कोणी नवीनही नव्हतं. तिथे जागाच नव्हती. जाळं आलं. तांडेलाने पहिला वाटा घातला तो दादासाठी, सगळ्यात चांगली सुरमई वर ठेवून. आमच्याकडे पाहुण्याला तसाच वाटा घालतात.

दादाने वाटा घरी आणला, वहिनीच्या पुढ्यात ठेवला आणि विहिरीवर जाऊन बराच वेळ पाय धुतले. नवव्या दिवशी तो निघाला. गिरणीतून निरोप आलाय, असं त्याने आईला सांगितलं. कोणाकडून आला, कधी आला, कोणी विचारलं नाही. मी एकटाच समजलो होतो की कुठलाही निरोप आला नव्हता. आठवड्यातून कोणी तरी एकदा बोट दाखवतं त्या दाराशी जाऊन उभं राहणं त्याला इथे बसून चहा पिण्यापेक्षा बरं वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर सगळे जमले होते. होडी अजून परत यायची होती. खोकणाऱ्या माणसाने बाबांना विचारलं की झील इतक्या लवकर गेला कसा, पंधरा दिवसांचा होता ना?

बाबांनी विडीची राख झटकली. छाती फुगवून, चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बोलावणा इला. गिरणीत तेच्याबिगर चलना नाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तांडेलाने डोलावली, म्हाताऱ्याने डोलावली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, शिकलेल्या मुलानेही दुजोरा द्यावा म्हणून. मीही मान डोलावली. बाजूला वहिनी मुलीला कडेवर घेऊन उभी होती. तिने मान हलवली नाही. ती माझ्याकडे बघत होती.